मागं सरकलेल्या लागणीच्या तारखा

कारखान्याचं नाव मी सांगत नाही. आमच्या जिल्ह्यात कारखाने मोजके आणि नातीगोती मात्र सगळ्यांची सगळीकडं, त्यामुळं कुणाला उगाच आपल्यावरच लिहिलंय असं वाटायला नको. एवढं सांगते की कारखाना सहकारी होता, साखरेचा होता, मी रोज नळदुर्गहून एस.टी.नं जायची, आणि शेतकी खात्यात बाईमाणूस मी एकटी होते. वडील जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तर. आमच्या आळीतल्या मुलींत कारखान्यात नोकरीला लागलेली मी पहिलीच. पौर्णिमेला विहारात वंदना झाली की बायका आईला विचारायच्या, "पोरगी साखर आणती का गं घरी?" आई म्हणायची, "साखर कुठली, नुसती धूळ आणती अंगावर."

शेतकी खात्याचं काम म्हणजे उसाची जन्मपत्रिका सांभाळणं. कुणी ऊस लावला की गावाचं नाव, शेताचा नंबर, उसाची जात आणि लागणीची तारीख आमच्या रजिस्टरात चढायची. गाळपाचा हंगाम सुरू झाला की ज्याची लागण आधीची, त्याच्या फडात तोडणीची टोळी आधी जायची. नियम इतका साधा की कुणालाही कळावा, आणि सगळ्यांना कळत होता म्हणूनच त्यावरून भांडणं लई. गावच्या वहीत तीन तारीख, आमच्या रजिस्टरात तेरा, आणि शेतकऱ्याच्या डोक्यात अमावास्येच्या आदल्या दिवशीची. रजिस्टरावरून यादी, त्या यादीवरून दुसरी यादी, असं हातानं उतरवता उतरवता तारखांना पाय फुटायचे. माझं अक्षर चांगलं म्हणून यादीचं काम माझ्याकडं आलं होतं, पण माझा एकचा आकडा आमच्या साहेबांना कायम नऊ वाटायचा.

साहेब म्हणजे आमचे शेतकी अधिकारी. कांडं दातानं सोलून दोनदा चावलं की उसाची जात आणि वय सांगायचे, आणि ते बहुतेक वेळा बरोबर निघायचं. माणूस मनानं स्वच्छ, आवाजानं मोठा. हळू बोलणं त्यांना जमतच नसे. ते सोलापूरला फोन लावत तेव्हा आमचा टंकलेखक म्हणायचा, साहेबांनी फोन ठेवून दिला तरी चालेल, सोलापूरला ऐकू जातंय.

ऐंशीचं दशक संपत आलं होतं. चेअरमन एकदा पुण्याकडचा कुठलासा कारखाना बघून आले आणि आल्या आल्या म्हणाले, आपल्याकडं कॉम्प्युटर पाहिजे. मग एक खोली रिकामी झाली. तिला काचा बसल्या, एसी बसला, बाहेर चपला काढायची पाटी लागली. शिपायानं मशीनला कुंकू लावलं. नारळ मात्र बाहेर फोडायला लावला, कारण पाणी आत उडालं तर मशीन बिघडेल, असं मशीन बसवायला आलेल्या पोरसवदा इंजिनिअरनं सांगितलं होतं. सगळ्या आवारात थंड अशी तेवढी एकच खोली. त्यामुळं उन्हाळ्यात प्रत्येकाचं तिथं काही ना काही काम निघायचं. दोन संचालक तर मशीन 'बघायला' रोज दुपारी जेवण करून यायचे आणि बघता बघता खुर्चीत पेंगायचे.

मोठं मशीन त्या खोलीत. तिथून जमिनीखालच्या पाइपातून तारा काढून टीव्हीसारखा एक पडदा आमच्या खात्यात, एक हिशेबाच्या खात्यात आणि एक फाटकाजवळ काट्यावर बसवला. काटा म्हणजे उसानं भरलेल्या गाड्यांचं वजन होतं ती जागा. तिघांच्या पुढ्यात एकच नोंद. मी आमच्या टेबलावर लागणीची तारीख टाकली की काट्यावरच्या कारकुनाला ती त्याच क्षणी हिरव्या अक्षरांत दिसायची. आता यात काही नवल नाही, पण तेव्हा पहिल्या दिवशी मी तीन वेळा काट्यापर्यंत पळत गेले होते, खरंच दिसतंय का ते बघायला. इंजिनिअर म्हणाला, "मॅडम, तार यासाठीच टाकलीय, तुम्ही पळू नये म्हणून."

फायदा मात्र खरा झाला. पूर्वी सास्तूरकडचा माणूस आपला नंबर विचारायला यायचा, तर बसचे दोन तास, आमच्या दारात अर्धा दिवस, आणि उत्तर काय, तर "रजिस्टर बघून सांगतो, सोमवारी या." आता तो फाटकाशीच विचारायचा. एक म्हातारे गृहस्थ आले होते. त्यांनी तंबाखूला चुना लावायला घेतला आणि तो मळून होईपर्यंत कारकुनानं त्यांना नंबर सांगितला. त्यांचा विश्वास बसेना. तंबाखू तोंडात टाकून त्यांनी परत विचारलं. परत तोच नंबर. तिसऱ्यांदा विचारलं, तरी तोच. मग ते म्हणाले, "माणसापरीस बरी हाय. दुसऱ्यांदा इचारलं तर खेकसत न्हाय."

आता पासवर्डचं. इंजिनिअरनं आम्हा सगळ्यांना थंड खोलीत बसवून सांगितलं की मशीन उघडायला प्रत्येकाचा एक गुप्त शब्द असेल, तो कुणाला सांगायचा नाही, कुठं लिहायचा नाही.

साहेबांनी विचारलं, "शब्द कशाला?"

"किल्ली समजा, साहेब."

"मग किल्लीच द्या की. ती करगोट्याला बांधता येती."

इंजिनिअरनं त्यांना समजावलं की शब्द असा ठेवा, जो तुमच्याबद्दल कुणाला सुचणार नाही. साहेबांनी बराच विचार केला. साखर कारखान्यात बसून, सभोवती साखरेची पोती असताना, त्यांनी शब्द ठेवला 'शुगर'. हे मला कसं माहीत, असं कुणी विचारेल. सगळ्यांनाच माहीत होतं. साहेब रोज सकाळी एका बोटानं तो शब्द टाकायचे, आणि बोट ज्या अक्षराकडं जायचं ते अक्षर तोंडानं म्हणायचे. "एस... यू... जी..." इथं थोडा वेळ शोधाशोध, मग "ए... आर." बाहेरच्या व्हरांड्यात बसलेल्या ट्रॅक्टरवाल्यांनाही ते पाठ झालं असावं.

मी त्यांना हसायची, पण माझी तऱ्हा काही वेगळी नव्हती. मावसबहिणीच्या लग्नाला तीन दिवस गेले तेव्हा काम अडू नये म्हणून माझा शब्द मी टंकलेखकाला चिठ्ठीवर लिहून दिला होता. त्यानं ती चिठ्ठी टेबलाच्या काचेखाली ठेवली, पडद्याकडं तोंड करून. पुढं महिनाभर ती तिथंच होती. त्या टेबलावर रोज चहा पिणाऱ्यांनी ती वाचली नसेल असं मी स्वतःला सांगते.

आमच्या खात्यात एक मामा होते. हुद्दा चिटबॉय. तोडणीची चिठ्ठी घेऊन गावोगाव जायचं, टोळीला फड दाखवायचा, हे काम करणाऱ्या माणसाला चिटबॉय म्हणत. मग तो विशीतला असो की मामांसारखा पंचावन्नचा, मिशी पांढरी झालेला. मामांची शाळा चौथीपर्यंत. पण आपल्या भागातला एकूणएक बांध त्यांना ठाऊक होता. मशीन आल्यापासून ते दुपारी काट्यावर जाऊन बसायचे आणि कारकुनाच्या खांद्यावरून तासतासभर बघत राहायचे. आम्हाला कौतुक वाटायचं. या वयात शिकायची हौस आहे, असं साहेब चार लोकांत सांगायचे.

त्या वर्षी पावसानं दोनदा तोंड दाखवलं आणि गेला. पौष लागायच्या आधीच विहिरींचे तळ दिसायला लागले. पाणी तुटलं की उभा ऊस आतून पोकळ होतो, वजन झडतं, शेवटी जनावराला घालायच्या लायकीचा उरतो. त्यामुळं प्रत्येकाला टोळी लवकर पाहिजे होती. फाटकाशी नंबर विचारणाऱ्यांची रांग लागायची. पूर्वी यादीत दहावा असला तरी माणूस घरी जाऊन झोपायचा. आता पाचव्या नंबरवाल्यालाही झोप नव्हती.

एका सोमवारी सकाळी एक शेतकरी आमच्या खात्यात आले. शांत माणूस. खांद्यावरची पिशवी मांडीवर घेऊन बाकावर बसले, माझं काम संपायची वाट बघितली आणि मग म्हणाले, "बाई, मागल्या सोमवारी काट्यावर माझा नंबर चौथा सांगितला. आज पंधरावा सांगत्यात. आठ दिसांत माझा ऊस लहान झाला का?"

मी पडद्यावर बघितलं. पंधरावा. त्यांच्या पुढं अकरा नवीन फड येऊन बसले होते. अकराच्या अकरा एकाच गावचे.

मला वाटलं, माझाच हात चुकला. साहेबांना वाटलं, मशीनला ऊन लागलं. त्यांनी एसी वाढवायला सांगितला आणि तासाभरानं परत बघितलं, नंबर पंधराच. तोपर्यंत बातमी कॅन्टीनमध्ये पोचली होती. कॅन्टीनमध्ये बातमी पोचली की तिचा निकाल लागायला चहा संपेपर्यंतचा वेळ पुरतो. मशीनमध्ये तारखा कोण टाकतं? शेतकीतली बाई टाकते. मग आणखी काय बघायचं? एका संचालकांनी मला ऐकू येईल असं म्हटलं, "नवीन मानसाच्या हातात एवढं द्यायलाच नको व्हतं." नवीन माणूस म्हणजे कोण आणि नवीन कशात, ते त्यांनी सांगितलं नाही, पण मला कळलं. मी मान खाली घालून रजिस्टर वाचायचं नाटक केलं. ते रजिस्टर नवं, कोरं होतं.

संध्याकाळी घरी वडिलांना सांगितलं. त्यांनी वर्तमानपत्राची घडी केली.

"तू केलंस?"

"नाही."

"मग रडू नको. कागद काढ."

कागद काढणं इतकं सोपं नव्हतं. मशीन आल्यावर जुनी लागण-रजिस्टरं दोरीनं बांधून सामानाच्या खोलीत टाकली होती. रद्दीत द्यायचं ठरलं होतं, पण रद्दीवाला दोनदा येऊनही कुणी सही केली नाही, म्हणून ती वाचली. आमच्या आळसाचे उपकार असे अधूनमधून व्हायचे. नेमकं मला पाहिजे ते रजिस्टर सापडेना. शेवटी शिपाई म्हणाला, "ताई, हिरव्या पुठ्ठ्याचं व्हय? ते माठाखाली हाय. माठ डुगडुगत व्हता." माठ उतरवला. पुठ्ठा भिजून फुगला होता, पण आतली पानं शाबूत होती, आणि पानांवर माझंच अक्षर, माझे एक आणि नऊ.

तीन दिवस मी एका बाजूला रजिस्टर आणि एका बाजूला पडदा ठेवून ओळ अन् ओळ ताडून पाहिली. बाकी सगळं जुळलं. फक्त त्या अकरा फडांच्या तारखा दीड-दोन महिने मागं सरकल्या होत्या, आणि सगळ्या एकाच तारखेला जाऊन बसल्या होत्या. ज्यानं केलं त्याला वेगवेगळ्या तारखा टाकायचा कंटाळा आला असावा. मी कागद साहेबांपुढं ठेवला. त्यांनी तारखांवरून बोट फिरवलं आणि म्हणाले, "अकरा जणांनी एकाच दिवशी ऊस लावला, तर बैलं कुठनं आणली?"

साहेबांनी पुण्याला मशीनच्या कंपनीत फोन केला. शुक्रवारी इंजिनिअर आला. बसच्या प्रवासानं आणि वाटेतल्या धाब्यावरच्या रश्श्यानं तो बिचारा लाल झाला होता. त्यानं थंड खोलीत बसून मशीनला काहीतरी विचारलं आणि सांगितलं की कुणी, कुठल्या पडद्यावरून, कधी आत आलं, हे सगळं मशीन आपल्याजवळ लिहून ठेवतं.

"हे आधी का नाही सांगितलं?" मी विचारलं.

"कुणी विचारलं नाही, मॅडम."

मशीनच्या म्हणण्याप्रमाणं त्या तारखा मागच्या आठवड्यातल्या बुधवारी दुपारी सव्वा वाजता, काट्यावरच्या पडद्यावरून, खुद्द शेतकी अधिकाऱ्यांनी बदलल्या होत्या.

साहेबांचा चेहरा पडला. पण त्या बुधवारची दुपार मला लख्ख आठवत होती. सव्वा वाजता साहेब आमच्या खात्यात जेवत होते, आणि त्यांचा हात मशीनवर नव्हता, माझ्या डब्यातल्या शेंगाच्या चटणीवर होता. टंकलेखकानंही तसंच सांगितलं. मग काट्यावरच्या कारकुनाला बोलावलं. तो म्हणाला, "सव्वा वाजता मी जेवायला जातो. पडदा उघडा राहू नये म्हणून मामा बसतात तिथं राखणीला."

मामा दुपारी सायकलवरून आले. धूळ झटकली, टोपी काढून हातात घेतली. साहेबांनी विचारायच्या आधीच त्यांनी टेबलावरचा कागद बघितला आणि म्हणाले, "व्हय. म्या केलं."

"का, मामा?" साहेबांचा आवाज मी पहिल्यांदाच इतका खाली आलेला ऐकला.

"आमच्या मंडळीचं म्हायार हाय ते गाव. विहिरी आटल्यात. तिचे भाऊ आले, चुलते आले. म्हनले, तुमी एवढे कारखान्यात, अन् आमचा ऊस वाळून चाललाय. म्या म्हनलं, नंबरावर हाय, माझ्या हातात काय न्हाय. ते गेले. पर ती घरातच व्हती. आठ दिस तिनं कालवणात मीठ घातलं न्हाय, साहेब. बोलली न्हाय, भांडली न्हाय. नुसतं मीठ घातलं न्हाय."

कुणी हसलं नाही. नंतर हसलो, तेव्हा नाही.

"पण तुम्हाला आत जाता कसं आलं?" इंजिनिअरनं विचारलं.

मामांनी साहेबांकडं बघितलं. "साहेबच तर रोज सकाळी सांगत्यात. एस, यू, जी, ए, आर. नातीच्या पुस्तकात अक्षरं बघून घितली म्या."

 साहेबांनी विचारलं, "त्याचा अर्थ काय, ते तरी ठाऊक आहे का मामा?"

"न्हाय बा. मला वाटलं, कुठल्या देवाचं नाव आसंल."

पुढच्या आठवड्यात संचालकांची बैठक झाली आणि मला कागद घेऊन बोलावलं. मी दाराशेजारच्या खुर्चीवर बसले. सगळ्यात जुने संचालक आधी बोलले. त्यांचं म्हणणं सरळ होतं: तारा तोडा. मशीन खोलीत राहू दे, हिशेब करू दे, पण काट्यावर आणि शेतकीत पडदे नकोत. "एका घरात चोर शिरला तर एकच घर जातंय. तुमी तर समद्या घरांच्या भिंती पाडून एकच मोठा वाडा केला, अन् त्याला कडी एक." मला ते पटलंही होतं. मी इतके दिवस तसाच विचार करत होते, फक्त मला शब्द सापडले नव्हते.

चेअरमननी इंजिनिअरला बोलायला सांगितलं. तो वीस मिनिटं बोलला. त्यातलं कुणाला काही कळलं नाही, पण शेवटी तो म्हणाला की काट्यावरचा पडदा नुसता बघण्यापुरता ठेवता येईल, बदल तिथून करता येणार नाही. हे सगळ्यांना कळलं. एकानं विचारलं, "मग हे पहिल्या दिवशीच का नाही केलं?" इंजिनिअर माझ्याकडं बघायला लागला. कुणी विचारलं नाही, हे त्याला परत म्हणवेना.

मग साहेब उभे राहिले. चूक मामांची आहेच, पण दार मी उघडं ठेवलं, मी तो शब्द रोज मोठ्यानं म्हणत होतो, हे त्यांनी आपल्या नेहमीच्या आवाजात सांगितलं. बैठकीच्या खोलीबाहेर उभ्या असलेल्या लोकांनाही ते ऐकू गेलं. त्यांच्याविषयी माझ्या मनात जो आदर आहे तो बराचसा त्या दिवसाचा आहे. मग मला माझी टेबलाच्या काचेखालची चिठ्ठी आठवली आणि मीही उभी राहिले.

चिठ्ठीचं सांगून झाल्यावर चेअरमन म्हणाले, "बाई, तुम्ही रोज काम करता त्यावर. तुम्हाला काय वाटतं? तारा ठेवायच्या की तोडायच्या?"

माझी तयारी नव्हती. सुचलं ते बोलले. म्हटलं, रजिस्टरातही ब्लेडनं खरवडून तारीख बदलता येते, आणि बदललेली आम्ही पाहिलीय, पण कुणी बदलली ते कधी कळलं नाही. मशीननं निदान दिवस आणि वेळ सांगितली. आणि नाव सांगितलं ते खोटं होतं, तेव्हा खरं काय होतं ते रजिस्टरानं सांगितलं. म्हणून दोन्ही पाहिजेत. पण पहिल्यांदा चोरी कुणाला कळली? मशीनला नाही, मला नाही, साहेबांना नाही. ज्यांचा नंबर मागं गेला त्यांना कळली. मग यादी लपवून का ठेवायची? दर आठवड्याला छापायची आणि गावोगाव चावडीवर लावायची. शब्द गुप्त ठेवा, तारखा उघड्या ठेवा. गावातल्या प्रत्येकाला शेजाऱ्यानं ऊस कधी लावला ते आमच्यापेक्षा चांगलं माहीत असतं.

जुने संचालक म्हणाले, "कागद लई लागंल." पण त्यांनी नाही म्हटलं नाही. बैठक संपल्यावर मला 'नवीन माणूस' म्हणणारे संचालक जवळ येऊन म्हणाले, "बोलता बरं तुमी." ती माफी होती की नाही, हे मी अजून ठरवलेलं नाही.

तारा राहिल्या. मामांना महिनाभर घरी बसवलं. परत घेतलं तेव्हा छापलेल्या याद्या गावोगाव नेऊन लावायचं आणि वाचता न येणाऱ्यांना वाचून दाखवायचं काम त्यांच्याकडं दिलं. बायकोच्या माहेरी ते पहिल्यांदा यादी घेऊन गेले, तेव्हा तिथल्या चावडीवर लोकांनी त्यांना पाणीसुद्धा विचारलं नाही, असं त्यांनी मला सांगितलं. आदल्या वेळी त्याच गावात त्यांना कोंबडं कापलं होतं.

एक गोष्ट मात्र कुणालाच सुधारता आली नाही. हे सगळं होईपर्यंत अकरांपैकी सात फड तोडून झाले होते, आणि तोडलेला ऊस परत उभा करता येत नाही. त्या शांत माणसाचा नंबर आम्ही पुन्हा चौथा केला, पण टोळी तोपर्यंत दुसऱ्या भागात गेली होती. तिला यायला सोळा दिवस लागले. त्यांच्या गाड्या काट्यावर आल्या तेव्हा मी मुद्दाम बाहेर गेले. उसाचे शेंडे वाळून पिवळे पडले होते. बैलांना ओढायला जड जात नव्हतं, ते लांबूनच दिसत होतं. काट्यावर वजन झालं, कारकुनानं आकडा सांगितला, आणि त्यांनी तो ऐकून मान हलवली. मी म्हटलं, "आमची चूक झाली." ते म्हणाले, "तुमी शोधून काढलं, बाई. न्हायतर म्या अजून पंधरावाच आसतो." असं म्हणून त्यांनी बैलांच्या पाठीवर हात फिरवला आणि गाडी पुढं काढली. त्यांनी शिव्या दिल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं.

इंजिनिअरनं जायच्या आधी सगळ्यांचे शब्द बदलून घेतले, एकेकाला खोलीत बोलावून, दार लावून. माझी पाळी आली तेव्हा मी बराच वेळ बसून राहिले. आमच्या घरात कशालाच कुलूप नव्हतं. एका खोलीत सहा माणसं, एक ट्रंक, आणि तिची किल्ली खिळ्याला. माझी पत्रं आई वाचायची, वही भाऊ वाचायचा, पगाराच्या दिवशी पाकीट वडिलांच्या हातात. फक्त माझं असं काही माझ्यापाशी कधी नव्हतंच. मी एक शब्द टाकला. मशीननं तो दोनदा टाकायला लावला आणि पडद्यावर दाखवलाही नाही.

घरी गेल्यावर हे सगळं उत्साहानं सांगून टाकलं. तीच चूक झाली. आईनं भाकरी थापता थापता विचारलं, "मग काय ठिवलास शब्द?"

"सांगायचा नसतो."

"कारखान्यातल्यांना सांगू नको. मी काय ऊस लावलाय का?"

"कुणालाच नाही सांगायचा, आई."

तिनं भाकरी तव्यावर टाकली, पाणी फिरवलं, आणि दोन दिवस माझ्याशी कामापुरतंच बोलली. वडिलांनी मध्ये पडून पाहिलं, तर तिनं त्यांनाच विचारलं की आईपासून लपवण्यासारखा असा कुठला शब्द असतो. वडिलांनी वर्तमानपत्र उघडलं. व्याकरणात असला शब्द शिकवलेला नसावा. तिसऱ्या दिवशी तिचा तिनंच निष्कर्ष काढला की ते कुणातरी मुलाचं नाव आहे, आणि त्याच महिन्यात माझ्यासाठी स्थळं बघायला सुरुवात झाली.

नाव नव्हतं ते. पण माझं लग्न होऊन, मुलं होऊन, आईचे केस पांढरे झाले तरी तिचा तो समज गेला नाही. आमचे हे घरी आले की ती अधूनमधून त्यांच्याकडं जरा निरखून बघायची, हाच तो असेल का म्हणून.